थंड खोलीबाहेरच्या चपला

विम्याचे सर्व्हेअर कांबळे साहेब नासलेला माल तपासायला आत जाण्याआधी चपला बाहेर काढत. आंबलेलं दही असो की सडलेले आंबे, ते पायरीशी जोड सरळ मांडून ठेवत आणि म्हणत, "नासलं तरी अन्न हाय." मग नाक पुढे करून असे शिरत, जणू मयताला आलेत आणि आमंत्रण खुद्द मयतानंच धाडलंय.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग ओला होता, नळ मात्र कोरडे. आमचा कुल्फीचा कारखाना होता. कारखाना म्हणजे आई, मी आणि एक थंड खोली. लग्नसराईचा सगळा माल त्या खोलीत असताना मशीन जळालं. मालाचा विमा होता, पण अट अशी की मशीन बंद पडलं तर दार उघडायचं नाही. बंद खोलीत थंडी टिकते, मिस्त्री येईपर्यंत माल तगतो. दार उघडल्यामुळे माल गेला, तर भरपाई विसरा.

मिस्त्री आला तेव्हा कुल्फीचं दूध झालं होतं. साहेब नांदेडहून एसटीनं आले. दार कसं बंद ठेवलं होतं, हे मी त्यांना हातवारे करून रंगवून सांगितलं. गावात पाणी नव्हतं म्हणून, नाहीतर देवही पाण्यात ठेवले असते, म्हणालो. साहेबांनी सगळं ऐकलं, चपला काढल्या, आत गेले आणि हिरव्या बांगडीचा तुकडा घेऊन बाहेर आले.

"कुल्फीला बांगड्या भरायलाव का?"

मी नवी गोष्ट रचायला तोंड उघडलं, तेवढ्यात आईनंच सांगून टाकलं. शेजारची सुमन, पोटुशी, टँकरच्या रांगेत ऊन लागून पडली. आईनं तिला त्या खोलीत आणून निजवलं. मग गल्लीतल्या म्हाताऱ्या आल्या, लेकरं आली. आईला कुणाला नाही म्हणवलं नाही.

साहेब पायरीवर बसले. "माय, हे मला लिहावं लागंल. भरपाई मिळायची न्हाई."

"लिहा की. सुमन कशी हाय ते बी लिहा."

"कशी हाय?"

"सकाळीच हंड्यावरून माझ्याशी भांडून गेली."

"मग दार उघडलं ते बरं केलं," साहेब म्हणाले, आणि कागदावर जे खरं तेच लिहिलं.

भरपाई मिळाली नाही. खोली विकली, आणि पुढचे कितीतरी उन्हाळे आम्ही हातगाडीवर बर्फाचे गोळे विकून काढले. साहेब लातूरला आले की गाडीपाशी येत, गोळा खात, आणि पहिला प्रश्न ठरलेला, "सुमनचं लेकरू काय म्हणतंय?" एका उन्हाळ्यात ते आले नाहीत. नांदेडहून कळलं, गेले.

आता पुन्हा थंड खोली आहे. विमा आहे, अट तीच आहे. परवा भर दुपारी लाइट गेली. गल्लीतली म्हातारी माणसं घाम पुसत दाराशी जमली आणि कुणी न सांगता चपला काढू लागली. मी दार उघडलं. ढीग वाढत गेला. त्यात एखादा जोड सरळ मांडलेला दिसतो का, हे मी अजून बघतो.