यादीतून गाळलेला देश

माझ्या भावोजींचा डावा पाय सीमेवर शत्रूच्या भूसुरुंगाने गेला, असे त्यांच्या तोंडवली गावात सगळे मानतात. खरे काय ते तिघांना ठाऊक आहे: त्यांना, माझ्या बहिणीला आणि मला. सुरुंग आपलाच होता, त्यांच्याच तुकडीने पेरलेला. पावसात उतार घसरला, सुरुंग नकाशावरच्या जागेवरून सरकला आणि तो काढायला गेलेल्या भावोजींच्या पायाखाली आला. गावाला ‘शत्रूचा’ असे सांगितले ते त्यांच्या वडिलांनी, स्वतःही तसेच समजून. भावोजींनी ते कधी खोडले नाही.

युरोपातले काही देश सुरुंगबंदीच्या करारातून बाहेर पडू लागले, तेव्हा आमच्या दैनिकात एक चौकट करायचे काम माझ्याकडे आले. सुरुंग कोण बनवते, कोणी बनवणे थांबवले. थांबवणाऱ्यांची यादी लांब होती. बनवणाऱ्यांची आखूड: रशिया, चीन, म्यानमार, इराण, पाकिस्तान, आणखी काही. भारत त्यात होता.

छापून येण्याआधी बहिणीला कळावे म्हणून फोन केला. तिच्या पडवीत रोज सकाळी भावोजी पेपर मोठ्याने वाचतात आणि शेजारचे ऐकायला बसतात. सुरुंग आपलाच होता का, असे कोणीतरी विचारणारच, ती म्हणाली.

“तेवढा एक नाव गाळ. मामांजींका ह्या वयात आयकूक लावू नको.”

चौकट एक ओळ जास्त होत होती. कापायची ओळ मी निवडली: भारताची.

चौकट आली त्या रविवारी मी तिथेच होतो. भावोजींनी यादी वाचली. एक शेजारी म्हणाला, “पाकिस्तानाचा नाव इला मां? मगे बरोबर छापलेला आसा.” बाकीचे हसले. भावोजींनी यादीवरून पुन्हा बोट फिरवले.

“आपला नाव खंय आसा रे?”

जागा नव्हती, मी म्हणालो.

“एका शब्दाक?”

आत भावोजींचे म्हातारे वडील खोकत होते. बहीण चहा घेऊन दारात उभी होती.

माणसे गेल्यावर भावोजी बोलले. किती वर्षे खरे काय ते सांगायचे मनात होते, पण सुरुवात जमत नव्हती. सुरुंगांची बातमी दिसली तेव्हा वाटले, आज कोणीतरी विचारेल.

“आता कोणी इचारल्याशिवाय माजो मी कसो सांगू?”

मी दुरुस्ती छापतो म्हणालो. बहीण आतून ‘नको’ म्हणाली. त्यांनी पेपराची घडी घातली.

दुरुस्ती मी लिहिली, पाठवली नाही. पंधरा दिवसांनी हायस्कूलने त्यांना शत्रूच्या सुरुंगांविषयी बोलायला बोलावले. ते गेले. पाऊण तास शत्रूच्याच सुरुंगांविषयी बोलले.