तलवारीवरचा मंत्र

ढोकेकाकांच्या टेबलावर फासा हातात घेतला की आधी तोंडानं बोलावं लागे: कोणता मंत्र, कोणत्या शस्त्रावर, कोणाविरुद्ध. बोलायच्या आत फासा पडला तर तो बाद, मग भले वीस बाजूंच्या त्या फाशावर वीस पडलेले असोत. “आधी बोल, मंग फेक,” ते म्हणत. “पडल्यावर त कोणीबी हुशार होते.”

नवं राज्य झालं तेव्हा ते भोपाळहून बदली होऊन रायपूरला आले. सरकारी कचेरीत बडेबाबू, समता कॉलनीत आमचे शेजारी, आणि एकटे. भाच्यानं त्यांना एका खेळाचा नाद लावला होता. प्रत्येकानं कागदावर आपलं पात्र रचायचं, योद्धा किंवा जादूगार; एकानं गोष्ट सांगायची, आणि लढाई आली की फाशाचं म्हणणं अखेरचं. गोष्ट काका सांगत. आम्ही कॉलेजातली चार जणं दर रविवारी दुपारी जमायचो. पन्नाशीचा माणूस पोरांबरोबर राक्षस मारतो म्हणून कॉलनीनं नावं ठेवली. काकांनी ती ठेवू दिली.

पुस्तकातला नियम असा, की एका पाळीत एकतर तलवार चालवा, नाहीतर मंत्र टाका. आमच्यातल्या, गुढियारी भागात राहणाऱ्या सुहासला दोन्ही एकदम हवं होतं. त्याचा अग्निधर नावाचा योद्धा होता आणि त्याच्यावर सुहासचा फार जीव. काकांनी नाही म्हटलं नाही. रजिस्टर उघडून कचेरीच्या शिस्तीत लिहिलं, ‘विषय: तलवारीवर मंत्र चढविणेबाबत.’ दोन रविवार चर्चा झाली. ठरलं ते असं: चढवा, पण वार चुकला की मंत्रही गेला. पुढे सुहासच्याच तक्रारीवरून नवी टीप निघाली, की वार चुकला तरी मंत्र पुढच्या पाळीपर्यंत पात्यावर राहील. खाली पाच सह्या झाल्या.

त्यानंतर तशी वेळच बरेच महिने आली नाही. मग एका रविवारी, पुलावरच्या लढाईत, सुहासचा वार चुकला.

“गेला मंत्र,” काका म्हणाले.

“काका, ऐसा नहीं था. बदला था ना हमने?”

“मी लिहिलेला नियम मलेच शिकवून राहिला का?”

एरवी चहात साखर किती यावरही रजिस्टर काढणारा हा माणूस त्या दिवशी उठला नाही. आम्हालाही नक्की आठवेना, म्हणून आम्ही गप्प बसलो. याची मला अजून लाज वाटते. पुढच्या पाळीला सुहासकडे नुसती तलवार उरली, अग्निधर मेला, आणि चार वर्षं एक रविवार न चुकवणारा पोरगा कागद तिथंच ठेवून निघून गेला. परत आला नाही.

पंधरवड्यानं काका नियम नव्या वहीत उतरवायला बसले आणि पाच सह्यांचं पान समोर आलं. ते स्कूटर काढून माझ्या दारात आले. “चाल, गुढियारीले जाऊ. साक्षीदार पायजे मले.”

सुहासच्या घरी ते बसलेही नाहीत. उभ्यानंच पान उघडून दाखवलं. खाली नवी ओळ होती, ‘निर्णय चुकीचा. चूक माझी,’ आणि सही.

सुहास अवघडला. “छोड़िए ना काका. गेम ही तो था.”

“गेम होता म्हणूनच त,” काका म्हणाले. “हापिसात वरचा सांगते तिथं मी सही करतो. तिथं माह्या हातात काही नाही. इथं मले कोणी सांगतलं होतं? इथं बी मी तसाच वागलो.” मोठ्या माणसाला इतकं शरमलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. सुहासच्या आईनं आणलेला चहा तसाच निवला.

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. अंत्ययात्रेला कचेरीतले लोक आले होते, पण त्यांनी सांगितलेला बडेबाबू मला ओळखू आला नाही. मला आठवतो तो गुढियारीच्या त्या फेरीनंतरचा रविवार.

सुहास आला. काकांनी गोष्ट पुलावर परत नेली. अग्निधर जिवंत, मंत्र पात्यावर, तीच पाळी. सुहासनं मंत्राचं नाव घेतलं आणि फासा टाकला. तीनच पडले; वार चुकला. राक्षसाच्या वाराचा फासा काकांनी सगळ्यांसमोर, उघड्यावर टाकला. अग्निधर पुन्हा मेला.

काका सुहासकडे बघायला धजत नव्हते. सुहासनं फाशाकडे नीट पाहून घेतलं.

“अब ठीक है,” तो म्हणाला. “कोरा कागद दीजिए, काका.”