निंबव्वाने घातलेलं एरंडेल

निंबव्वा आणि मी ब्याडगीत एकाच गोदामात मिरचीची देठं खुडायचो. कुणाच्या डोळ्यात तिखट गेलं की बायका तिलाच हाक मारत. ती एरंडेलाचा थेंब सोडायची, पदराचा बोळा फुंकून वर धरायची. जळजळ काय, थोड्या वेळानं उतरायचीच. नाव मात्र निंबव्वाचं व्हायचं. तिलाही ते आवडायचं.

एका वर्षी उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या, तोंडावर तिनं घराला चुना लावायला काढला. मदतीला तिची नणंद फकीरव्वा होती. नवरा वारल्यापासून ती भावाच्या घरीच राहायची, शिवणकाम करायची. मीही हात लावायला गेले होते. चुना ढवळताना एक खडा फुटला आणि सगळा शिंतोडा फकीरव्वाच्या उजव्या डोळ्यात गेला.

"वहिनी, पाणी! पाणी ओत गं!"

"खुळी का तू? पाण्यानं चुना उकळतो. डोळा शिजेल तुझा!"

फकीरव्वा चाचपडत रांजणाकडे निघाली. निंबव्वानं तिचं मनगट धरून तिला खाली बसवलं, एरंडेल ओतलं आणि वर घट्ट पट्टी बांधली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला हुबळीला नेलं. डॉक्टरीणबाईंनी पापणी उलटी केली, तर आत चुन्याचे कण तसेच चिकटलेले. बुबुळ दुधासारखं झालेलं.

"तेव्हाच्या तेव्हा साध्या पाण्यानं अर्धा तास धुतला असता आणि तसंच इकडे आणलं असतं, तर बराच वाचला असता," त्या म्हणाल्या. "तेल कुणी घातलं?"

निंबव्वा फरशीकडे बघत राहिली.

"मीच घातलं," फकीरव्वा म्हणाली.

डोळा गेला. घरात कुणी निंबव्वाला बोल लावला नाही, आणि तेच तिला सोसेना. रोज कामावर येण्याआधी ती नणंदेसाठी डझनभर सुया ओवून ठेवायची. भाजीतलं चांगलं तिच्या ताटात वाढायची. फकीरव्वा मुकाट्यानं जेवायची.

सहा वर्षं अशी गेली. मग एकदा गोदामात मेहबूबबीनं तिखटाच्या हातानं डोळा चोळला. कुणीतरी तेलाची बाटली आणली. निंबव्वानं ती हिसकावून घेतली. आधी स्वतःचे हात साबणानं धुतले, मेहबूबबीचेही धुवायला लावले. दुखरा डोळा खालच्या बाजूला येईल अशी तिची मान कलती केली, म्हणजे तिखट दुसऱ्या डोळ्यात जायला नको. पापणी बोटांनी उघडी धरली आणि पिण्याच्या पाण्याची बारीक धार नाकाकडून कानाकडे सोडत राहिली. "चोळू नकोस. उघडझाप कर." एक तांब्या, दुसरा, तिसरा. चांगली पंधरा-वीस मिनिटं. "दुखायचं थांबलं नाही, अंधुक दिसलं, तर सरळ दवाखाना."

म्हातारी बसम्मा हसली. "अगं, तेलाला एवढी भितेस? फकीरव्वानं आपल्या हातानं घातलं, त्यात तुझं काय?"

निंबव्वाच्या हातातली धार थांबली नाही.

"तिनं नाही, मी घातलं. ती पाणी मागत होती. मी हात धरून ठेवला तिचा."

संध्याकाळपर्यंत गोष्ट गल्लीत पोचली. आम्ही दोघी घरी गेलो तर फकीरव्वा उंबऱ्यावर बसलेली.

"गावापुढे कबूल केलंस. माझ्यापुढे कधी करणार होतीस?"

निंबव्वा तिच्या पायाशी बसली. "चुकलं गं माझं. चुकलं."

"ऐकलं. पण तेच तेच म्हणू नकोस. मग मला 'असू दे' म्हणावं लागतं, आणि ते मला म्हणायचं नाहीये."

निंबव्वा तिच्यापुढे तो शब्द पुन्हा बोलली नाही. पुढच्या उगादीला फकीरव्वानं तिच्यासाठी चोळी शिवली, माप न विचारता. ती दंडात घट्ट झाली. निंबव्वानं ती उसवून घेतली नाही, तशीच घातली.