वामनभाऊंची रायफल आणि आपट्याचं पान

आमच्या रायफल क्लबातले किस्से कुणी ठरवून सांगत नाही, ते आपोआप निघतात. तेलीबांध्याला तळ्याकाठी चहा घेताना एक निघतो, त्याच्या मागून दुसरा. नवं राज्य झालं तेव्हा रायपूरच्या बाहेर आमची रेंज होती. आता तिथे कॉलनी आहे. पण किस्से फिरून फिरून एकाच माणसाकडे येतात. वामनभाऊ, रेल्वेतले रिटायर्ड गार्ड, राहणार बूढापारा. आधी आम्ही पोट धरून हसतो, मग कुणीतरी चहाचे पैसे द्यायला उठतं.

* * *

वामनभाऊंचे वडील फौजेत होते. त्यांच्या हातात होती तशीच रायफल पाहिजे, हा भाऊंचा हट्ट. मिळाली एकदाची! लायसन्सवर चालावी म्हणून नळी बदललेली जुनी फौजी रायफल. लाकडाला असं पॉलिश, की त्यात पाहून भांग पाडावा.

आमच्या देशमुख वकिलांनी चष्मा वर करून काडतूस मागून अडवणाऱ्या बोल्टवरचा आणि बॉडीवरचा नंबर वाचला. "भाऊ, बोल्टचा नंबर वेगळा, बॉडीचा वेगळा. दोन बंदुकांची एक केली आहे जी ही!"

"मंग? माही अन् कुसुमची पत्रिका कुठं जुळली होती? चालूनच राहिला नं संसार!"

कुसुमवहिनी चहाचे कप ठेवत होत्या. म्हणाल्या, "चालून नाही राहिला, मी ओढून राहिली!"

* * *

गोल बाजाराजवळच्या बंदूक-मिस्त्रीनं गेज लावून पाहिलं आणि मान हलवली. "भैया, बोल्ट बंद करने के बाद भी जगह बच रही है. कारतूस पीछे से फटेगा. इसको दीवार पे टांगो, चलाओ मत."

वामनभाऊ गार्डाच्या थाटात म्हणाले, "अरे, रुळाच्या जोडातही फट ठेवतात! उन्हाळ्यात लोखंड फुगते, मंग ते जाईन कुठं?"

बाप्पा! आम्ही इतके हसलो, की शेवटी मिस्त्रीही हसला. ते वाक्य आम्ही कितीतरी दिवस एकमेकांना ऐकवत होतो.

* * *

एकदा वकिलांनी आजोबांच्या ट्रंकेतली काडतुसं आणली. पितळेवर हिरवा थर चढलेला. वामनभाऊंनी त्यातलं एक भरलं, नेम धरला, घोडा दाबला. खट्! पुढे काहीच नाही.

"फुसकं निघालं वाटते," म्हणत वकील उठले आणि निशाण्याकडे चालू लागले.

"मागं व्हा!" वामनभाऊ असे ओरडले, की वकील जागच्या जागी बसले. भाऊंनी नळी तशीच समोर धरून ठेवली होती. आणि मग, ठो! गोळी मातीच्या भिंतीत शिरली. वकिलांच्या तोंडचं पाणी पळालं.

वामनभाऊ शांतपणे म्हणाले, "गाडी लेट होती वकीलसाहेब, कॅन्सल नव्हती!"

असा माणूस, सगळं कळणारा. फक्त स्वतःच्या रायफलीचं कुणी बोललं की ऐकू येत नसे.

* * *

मग क्लबानं बार करताना डोळे सांभाळायला सगळ्यांसाठी जाड काचेचे चष्मे घेतले. वामनभाऊंनी आपला गळ्यात अडकवला. "माह्ये डोळे जिंदगीभर सिग्नल पाहून पक्के झाले. मले नाही लागत."

"लावा नं जी, माह्यासाठी," वहिनी म्हणाल्या.

"तुह्यासाठी दसऱ्याले लावीन!"

* * *

दसऱ्याला आमच्या सगळ्यांच्या बंदुका वामनभाऊंच्या घरी पूजेला. वहिनी हळदकुंकू वाहत आणि आपट्याचं एक पान घडी करून प्रत्येक नळीच्या तोंडात खोचत. "आधी शस्त्राले सोनं, मंग माणसाले!" पूजा झाली की पान काढायचं, मग रेंजवर जायचं.

त्या वर्षी निघायची घाई झाली. रेंजवर पहिला बार वामनभाऊंचा. आवाजच वेगळा आला. बोल्टाच्या बाजूनं जाळ उलटा त्यांच्या तोंडावर आला. चष्मा गळ्यातच होता. उजवा डोळा गेला.

मिस्त्रीनं सांगितलं, काडतूस मागून फाटलं, बोल्टचाच दोष. पण वहिनींनी एकच धरलं, "नळीत माह्यं पान राहिलं, त्यानंच गेला यायचा डोळा." पान काढलं होतं की नव्हतं, आमच्यापैकी कुणीच पाहिलं नव्हतं. त्यामुळे 'नाही' म्हणायचं तरी कशाच्या जोरावर?

त्या घरात दसऱ्याचं सोनं बंद झालं. वहिनी कुणाला पान देईनात, कुणाचं घेईनात. रायफल गेली, क्लब गेला, त्याचं एवढं नाही. पण वहिनींनी आमच्यासमोर मान वर करणं सोडलं, त्याचं फार वाईट वाटतं.

* * *

गेल्या दसऱ्याला मी आणि वकील त्यांच्याकडे गेलो. वामनभाऊंच्या उरलेल्या डाव्या डोळ्यात आता मोतीबिंदू उतरलाय. माणसं आवाजानं ओळखतात. चहा झाल्यावर त्यांनी हाक मारली.

"कुसुम, इकडं ये. ते पान मी त्या दिवशी घरीच काढलं होतं. फेकायले जीव नाही झाला, म्हणून जपून ठेवलं. तुले दाखवीन दाखवीन म्हणता राहून गेलं. हे घे, तेच आहे."

खिशातून पान काढून त्यांनी पुढं केलं.

पान हिरवंगार होतं. देठ अजून ओला होता.

वकिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी रिकाम्या कपात पाहत बसलो. वहिनींनी पान तळहातावर घेतलं, उलटून पाहिलं. एकदा फाटकाजवळच्या आपट्याकडे पाहिलं, एकदा भाऊंकडे.

"हव," त्या म्हणाल्या, "तेच आहे जी."

आणि हळदकुंकवाची थाळी आणायला आत गेल्या.