राखाडी अक्षरं

ऑफिसातल्या सुलभाताईंचे वडील गेले म्हणून मेल लिहायला बसलो. 'तुमच्या' एवढंच टाइप केलं, तर पुढे राखाडी अक्षरांत 'दुःखात सहभागी आहे' हजर! कोण सहभागी? हा डबा? एक बटण दाबायचं आणि सांत्वन उरकायचं. आमच्याकडे अशा घरी माणूस नुसता बसून राहतो. पुन्हा असल्या कारणाने यायला नको, म्हणून निघताना 'येतो'सुद्धा म्हणत नाही. या दीडशहाण्याने मात्र शेवटी सुचवलं, 'लवकरच पुन्हा भेटू!'

सगळं खोडलं आणि संध्याकाळी ताईंकडे जाऊन बसलो. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "ऑफिसातून सगळ्यांचे मेल आले. सगळे लवकरच पुन्हा भेटणार आहेत."

मी 'येतो' न म्हणता उठलो आणि चपला घातल्या.