दोन टनाची खोली

प्रेमदास नगराळे यांना जन्मात एक वस्तू मापाची घेता आली नाही. एसटीतली कंडक्टरकी संपवून वर्ध्याला लागून पिपरी मेघेत घर बांधलं, तर फाटक असं लावलं की ट्रक आत यावा. आत जागा मोटरसायकलीपुरती. कूलर आणला तो लग्नाच्या मंडपात ठेवतात तसला. तो हॉलच्या खिडकीला बसला आणि हॉलमधला उजेड गेला तो गेलाच. बायको अन्नपूर्णा म्हणायची, या माणसाला मीठ आणायला धाडा, पोतं घेऊन येतो. त्यावर प्रेमदासांचं एकच ठरलेलं, घ्यायचं तं ऐसपैस घ्या. समुद्रपूरकडच्या ज्या घरात ते वाढले तिथे एका खाटेवर तिघं भाऊ निजायचे, त्यामुळे त्यांना नावं ठेवताना माझी जीभ जरा अडखळते. पण ठेवल्याशिवाय राहवतही नाही, माणूसच तसा.

तर लेक नंदिनी पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काही कुणी ठरवायची गोष्ट नाही, ते ठरलेलंच असतं. अन्नपूर्णानं डिंक, खारीक, बाळंतशेपा भरून ठेवल्या होत्या. हॉलच्या मागची नंदिनीची खोली, ज्या खोलीत ती कडी लावून परीक्षेचा अभ्यास करायची आणि कडी लावूनच रडायची, ती झाडून पुसून तयार होती. घोर एकट्या प्रेमदासांना. तारीख निघाली होती ऐन वैशाखात, आणि वर्ध्याचा वैशाख म्हणजे नळाला सकाळी दहालाच चहाचं पाणी येतं. अमरावतीला सासरी नंदिनीच्या खोलीत एसी होता. पोरगी बोलली नव्हती काही, पण बापाच्या मनानं घेतलं की एसीपायी ती येणार नाही. लग्नानंतर ती चार दिवस सलग राहिली नव्हती. आता दोन-तीन महिने घरात असणार, या एका आशेवर त्या माणसानं अख्खा हिवाळा काढला होता.

एसी घ्यायला ते वर्ध्याच्या बाजारात गेले त्या दिवशी नेमके व्याही मधुकरराव सोबत होते. कुणाच्या तरी लग्नासाठी आले होते, म्हणाले, चला, मीही येतो. दुकानदार मुकेशनं रीतसर विचारलं, काका, खोली केवढी? मधुकरराव मध्येच म्हणाले, आमच्याकडे दीड टनाचा आहे, पुरतो आपला. झालं. नंदिनीची खोली दहा बाय दहाची. पण व्याह्यासमोर दहा बाय दहा म्हणायला प्रेमदासांची जीभ काही रेटेना. त्यांनी मनातल्या मनात त्या खोलीला हॉल जोडला, वर व्हरांडाही जोडला आणि खाकरून सांगितलं, "बारा बाय वीस." मुकेश म्हणाला, मग वरच्या स्लॅबचं ऊन धरून दोन टन लागेल. मधुकरराव शेजारचे फ्रिज बघायला लागले. त्या दिवशी प्रेमदासांनी व्याह्यांना आग्रह करकरून लस्सी पाजली.

मशीन बसवायला आलेल्या माणसानं खोली पाहिली आणि मुकेशला फोन लावला. मुकेश भला गडी. म्हणाला, काका, खोकं फोडू नका, एक टनाचा देतो बदलून. आता यात काय कठीण होतं सांगा? पण बदलायचं म्हणजे खोटं बोललो हे कबूल करायचं, आणि नंदिनी आल्यावर मधुकररावांना कळायचं की दोन टनाचा एक झाला. प्रेमदास म्हणाले, बसवा.

बसवला. चालू करताच खोली अशी गारठली की अन्नपूर्णानं शाल घेतली. ती नीट पांघरते न पांघरते तोच मशीन बंद पडलं, खोली तापली, तिनं शाल काढली, तर मशीन पुन्हा सुरू. सगळी दुपार बिचारीची शाल घेण्यात आणि काढण्यात गेली. प्रेमदास खाटेवर बसून विचार करत होते. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, मशीन मोठं झालं. यांना कळलं की खोली लहान झाली आहे.

आणि त्यांनी सोनबा मिस्त्रीला बोलावलं. खोली आणि हॉल यांच्यामधली भिंत चार इंची, पाडायला कितीसा वेळ? अन्नपूर्णा घमेल्यासमोर उभी राहिली. नवऱ्याला ती सहसा आडवी जात नसे, त्या दिवशी गेली.

"अवो, बाळंतिणीले हवा नाई पाह्यजे," ती म्हणाली. "तिले दरवाजा पाह्यजे. शेक-शेगडी कुठी करू मी? अंगावर पाजायले ते कुठी बसन?"

"पडदा लावू ना," प्रेमदास म्हणाले. "चांगला मोठा आणतो."

भिंत पडली. कूलर काढून टाकला, खिडकी बंद केली. एसी आता शहाण्यासारखा वागायला लागला, आणि प्रेमदासांनी ते अभिमानानं गल्लीत सांगितलं. गल्लीत कुणाकडेच एसी नव्हता म्हणून दुपारी शेजारच्या कमलाबाई निवडायचे गहू घेऊन यायला लागल्या, किसनराव पेपर घेऊन. बसा ना, बसा, प्रेमदास म्हणायचे, जागा भरपूर आहे.

जावई रुपेश नंदिनीला घेऊन आला तेव्हाही दोघं बसलेलेच होते. नंदिनी अवघडलेली, पाय सुजलेले. चप्पल काढून ती सवयीनं सरळ मागे चालत गेली आणि जिथे दार असायचं तिथे थांबली. हात कडीसाठी उचललेला तसाच होता.

"बाबा, माही खोली कुठी हाये?"

"हे पूर्ण तुहीच आहे ना बेटा," प्रेमदास म्हणाले. "दोन टन आहे."

बापावर चिडायची ती मुलगी नव्हे. राहिली चार दिवस. पडद्याआड लवंडायची, पडद्यापलीकडे किसनराव खोकायचे. मोठा आणलेला पडदा जमिनीवर लोळायचा आणि दरवेळी तिच्या पायात यायचा. रुपेश परत आला तेव्हा ती आईच्या गळ्यात पडून रडली, आणि बापाला म्हणाली, तिथले डॉक्टर ओळखीचे आहेत, बाळंतपण तिकडेच करते. अन्नपूर्णानं डिंक-खारकेचे डबे गाडीत ठेवून दिले. प्रेमदास फाटक धरून उभे होते. काहीतरी म्हणावं म्हणून म्हणाले, "आता तं आपल्याकडे बी एसी आहे ना पण."

मुलगी झाली. दोघं जाऊन पाहून आले, व्याह्यांकडे आठवडाभर राहणं बरं दिसत नाही म्हणून दुसऱ्या दिवशी परतले. मग रोज दुपारी फोनवर नात दिसायची. एकदा प्रेमदासांनी विचारलं, गरमी तं नाही होत ना तिकडे? नंदिनी बंद दाराला टेकून, पोरीला पदराखाली घेऊन बसली होती. म्हणाली, "नाई बाबा. हे पोरगी आली तवापासून एसी लावलाच नाई आम्ही. बाळाले सोसत नाई."

फोन ठेवला तेव्हा किसनराव पेपरातून वर बघत म्हणाले, काहीही म्हणा प्रेमदास, मशीनचं माप मात्र बराबर घेतलं तुम्ही.

प्रेमदासांनी फोन खिशात टाकला. मग म्हणाले, "किसनराव, तुमी आता घरी जा." आणि आपल्याला जायला कुठली खोली नाही म्हणून पडद्याकडे तोंड करून बसले.