ती सुट्टी कुणी दिली नव्हती

मिस व्हर्ना गेल्याचा त्यांच्या मुलीचा, पॅटचा, फोन आला तेव्हा मी लंडनमध्ये, हाउन्सलोच्या बसमध्ये होते. कॉव्हेंट्रीत शिकताना मी त्यांच्याकडे भाड्याने राहिले. मी जिंतूरची, घरातली पहिली पदवीधर. त्या मूळच्या जमैकाच्या, निवृत्त शिक्षिका; माझे निबंध त्याच शिस्तीने तपासत आणि आभार मानू देत नसत.

डिसेंबरात त्या सॉरेल करत. लाल बोंडं आल्याबरोबर उकळून केलेलं हे जमैकन नाताळचं सरबत. बोंडं पाहून मी म्हणाले, ही तर आमची अंबाडी. त्या हसल्या. मग म्हणाल्या, आफ्रिकेतून माणसांना गुलाम करून ज्या जहाजांत कोंबलं, त्याच वाटेने हीही आली. उसाच्या मळ्यांवर नाताळचेच काय ते मोकळे दिवस. त्या दिवसांत गुलाम मुखवटे चढवून मालकांच्या नकला करत नाचत. मालक सुट्टी देत ते भीतीपोटी. नाकारली तर मळा पेटेल, हे त्यांना ठाऊक होतं.

"दिली म्हणू नकोस," त्यांनी मला बजावलं होतं. "आम्ही घेतली."

माणूस गेल्यावर नवव्या दिवशी जमायच्या जमैकन रीतीप्रमाणे संध्याकाळी सगळे कॉव्हेंट्रीतल्या हॉलमध्ये जमलो. तिथे कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, एका तरुण अधिकाऱ्याने श्रद्धांजली म्हणून मोठा फलक आणला होता. नाताळ जवळ आला होता, म्हणून त्यावर मिस व्हर्नांचा फोटो, रमच्या बाटल्यांची चित्रं आणि जमैकन नाताळविषयी मजकूर : दयाळू मळेवाल्यांनी आपल्या कामगारांना नाताळची सुट्टी भेट दिली. कामगार! विकत घेतलेल्या, फटके खाल्लेल्या माणसांना कामगार म्हणायचं आणि त्यावर बाईंचा हसरा चेहरा चिकटवायचा... मी विचारलं, तर तो नम्रपणे म्हणाला, सणाचं आहे, पॉझिटिव्ह ठेवलंय. त्या नम्रपणाची मला जास्त किळस आली.

पॅटला म्हटलं, हे काढायला सांग. ती दमली होती. "आज भांडण नको गं."

सोंगट्या जोरात आपटत खेळायच्या डॉमिनोतले मिस व्हर्नांचे जोडीदार मिस्टर लॉइड हे ऐकत होते. त्यांनी फोटो अलगद सोडवून पॅटच्या हातात दिला, फलक उचलला आणि मजकुराची बाजू खाली करून खेळाच्या टेबलावर आडवा टाकला. टेबल ओबडधोबड आहे, म्हणाले.

"खराब होईल ना तो," अधिकारी पुटपुटला.

"होईलच, बाळा."

लॉइड आणि आणखी दोघे खेळायला बसले; चौथी, मिस व्हर्नांची खुर्ची रिकामी होती. पॅट बराच वेळ उभी राहिली, मग तिथे बसली. पहिली सोंगटी लॉइडनी आपटली. दुसरी पॅटने, हुबेहूब आईसारखी, हात पार खांद्यावरून आणून.